पूजेला मांडलेले बूट

बसवनगुडी, बंगळूर
८ जून १९५८

प्रिय कस्तुरी,

"खोटं लिहायची वेळ आली तर कोरं कार्ड टाक, मी काय ते समजेन." बावीस वर्षांपूर्वी बेळगावच्या फलाटावर तू मला हे म्हणाली होतीस. मी नवी नवरी, गाडीच्या खिडकीशी बसून रडत होते. आई सासरी कसं वागावं ते सांगत होती, आणि तू मधेच हे वाक्य बोलून चिंचेची पुडी माझ्या हातात कोंबलीस. तेव्हापासून मी पत्रं कमी लिहिली असतील, पण कोरं कार्ड टाकायची पाळी आली नाही.

आज कामासाठी लिहिते आहे. आमच्या घराजवळ एक कॉलेज आहे. आमचे हे तिथंच शिकले, तिथल्या फुटबॉलच्या संघातून खेळले. आता सरकारी कारखान्यात इंजिनिअर झाले, डोक्यावरचे केस गेले, तरी त्या संघाचं वेड गेलं नाही. माजी विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे, त्याचे हे चिटणीस. संघ मात्र तीन वर्षांत एकही सामना जिंकलेला नाही. गेल्या वर्षी शेवटच्या सामन्यात सात गोल खाल्ले.

दर रविवारी मंडळ आमच्या व्हरांड्यात बसतं. त्यात व्यंकोजीराव म्हणून एक आहेत, चिकपेटेत कापडाचं दुकान. त्यांचं घराणं इथं कित्येक पिढ्या आहे, मराठी अर्धं कानडीत बुडालेलं. "अक्का, स्वल्प कॉफी," म्हणून हाक मारतात आणि मग सुरू होतात. "त्या गोलकीपरच्या हातांना घरून लोणी लावून पाठवतात." "तो लेफ्ट आउट धावतो की देवीची ओटी भरायला निघालाय?" सगळे हसतात. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं आहेत ती, त्यांतला एकजण शेजारच्या घरी वारावर जेवतो. त्यांची अशी चिरफाड करत ही मोठी माणसं मूठमूठ चिवडा तोंडात टाकतात. खरं सांगते, मला त्या वाट्या उचलायचीसुद्धा शिसारी येते.

आता त्यांना नवा कोच हवा आहे. मी कॉफी देता देता तुझ्या ज्योतिबारावांचं नाव घेतलं. पलटणीच्या संघातून किती वर्षं खेळले, हवालदार म्हणून निवृत्त झाले, तिथल्या रिक्रुटांना खेळ शिकवला, सगळं सांगितलं. माझ्या हातातला ट्रे बोलावा तसे सगळे माझ्याकडे बघत राहिले. पण नाव पटलं. कॉलेजच्या मागं एक खोली मिळेल, पगार बरा आहे, जेवणाची सोय आहे. तू त्यांना पाठवशील का?

तुझी,
अलका


कडोली, जि. बेळगाव
१७ जून १९५८

प्रिय अलका,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. उठून माळ्यावरची ट्रंक काढली आणि जुनी शिट्टी पुसत बसले. म्हणजे जायचं मनात आहे की.

मला येता येणार नाही. थोरली बाळंतपणाला आली आहे, भाताची लावणी तोंडावर आहे. आणि खरं सांगू, ह्यांना एकट्यालाच जाऊ दे. पेन्शनीत आल्यापासून माणूस नुसता बांधावर उभा असतो. गुडघा दुखतो म्हणत नाहीत, पण बसताना खांब धरतात. मैदानावर गेले की खांब लागणार नाही बघ.

त्यांच्या दोन अटी आहेत. त्यांनी सांगितल्या तशाच लिहिते. पहिली, एक वर्ष हरू द्यायचं. रिक्रूटसुद्धा सहा महिन्यांत तयार होत नाही म्हणाले. ज्या वर्षी लावलं त्याच वर्षी नारळ मागू नका म्हणावं. दुसरी, पोरं आणि पोरांचं सामान, ह्याला बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही. चांगल्या मनानंसुद्धा नाही.

तू ह्या दोन्ही गोष्टी तिथल्या मोठ्या माणसांना सांग, आणि मला शब्द दे. तुझा शब्द असला तर पाठवते. त्यांचा नको, मला ती माणसं ठाऊक नाहीत.

तुझी,
कस्तुरी


बसवनगुडी, बंगळूर
२० जुलै १९५८

प्रिय कस्तुरी,

ज्योतिबाराव सुखरूप पोचले हे त्यांच्या कार्डावरून कळलंच असेल. पण त्यांनी स्टेशनवरचं लिहिलं नसणार, म्हणून मी लिहिते.

चाळीसेक माणसं गेली होती. तुझा नवरा हातात वळकटी घेऊन तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरतो आहे, आणि समोर बँड. त्यांनी मागं वळून बघितलं, आपल्यामागून कुणी पुढारी उतरतोय का म्हणून. मग व्यंकोजीरावांनी त्यांच्या गळ्यात गुडघ्यापर्यंत येणारा हार घातला, त्यांच्यावरून कोहळा ओवाळला आणि फलाटाबाहेर फोडला. "कोच, ह्या दसऱ्याला कप," असं सगळे एका सुरात ओरडत होते. आमच्या ह्यांनी भाषण केलं. त्यातही कपच होता. ज्योतिबाराव हार सांभाळत उभे होते. शेवटी दोन शब्द बोला म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "मुलं कुठं आहेत?" मुलांना कुणी आणलंच नव्हतं.

तुझ्या दोन्ही अटी मी ह्यांना सांगितल्या. ते दाढी करत होते. मान हलवली. शब्द मी देते, माझा.

मुलांना महिनाभर चेंडू द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं आहे. नुसतं धावायचं, वळायचं, थांबायचं. मुलं अनवाणी खेळत आली आहेत. आता वरच्या स्पर्धांत बूट लागतात, म्हणून मंडळानं बूट आणून दिले, तेरा जोड. ज्योतिबारावांनी ते खुंटीला टांगून ठेवले. म्हणाले, आधी पाय तयार होऊ देत, मग चामडं. ह्यावर इथं काय काय बोललं गेलं ते तुला लिहीत नाही. गांधी बाजारात न्हावीसुद्धा वस्तरा थांबवून त्यांना विचारतो, "काय कोच, मुलांना घोडागाडीला जुंपणार का?" संध्याकाळी लोक मैदानाच्या कठड्यावर बसून शेंगा खातात आणि धावणाऱ्या मुलांच्या अंगावर टरफलं टाकतात. ज्योतिबाराव जाताना ती टरफलं गोळा करतात, मुलांच्या तळव्यांना टोचू नयेत म्हणून.

गुरुवारी ते आमच्याकडे जेवतात. भाकरी मिळत नाही म्हणून मी चुलीवर तुझ्यासारखी थापायला लागले आहे. काठ फाटतात. तरी ते दोन जास्त खातात.

तुझी,
अलका


कडोली
२ ऑगस्ट १९५८

प्रिय अलका,

कोहळ्याचं वाचून आम्ही सगळ्या इतक्या हसलो की थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. तिला मुलगा झाला, परवाच. त्या हसण्यानं नव्हे.

ह्यांचं कार्ड आलं. 'पोरं चांगली आहेत. पाऊस आहे. अलकाताईंच्या भाकरीला मीठ कमी असतं.' एवढंच. त्यांनी तीन वाक्यं लिहिली म्हणजे खूष आहेत असं समजते.

तुझ्या मालकांनी मान हलवली म्हणजे झालं. शिकलेला माणूस, चिटणीस, त्यांची मान हलली म्हणजे सगळ्यांची हलली. इथं गावात मी सांगून टाकलं, एक वर्ष हरायची लेखी परवानगी घेऊन गेलेत म्हणून. लेखी नाही, पण तुझा शब्द म्हणजे मला लेखीच.

बाळाला ह्यांचे मोठे कान आले आहेत.

तुझी,
कस्तुरी


बसवनगुडी, बंगळूर
१२ ऑक्टोबर १९५८

प्रिय कस्तुरी,

इतक्या दिवसांत लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. आता सांगण्यासारखं आहे. संघ जिंकला.

आधी दोन सामने बरोबरीत सुटले, मग एक हरले, मग लागोपाठ दोन जिंकले. दसऱ्याला मोठा सामना आहे. तो जिंकला की कपाच्या शेवटच्या फेरीत जातात. कप्तान त्रिविक्रम परवा पेढे द्यायला आला. म्हणाला, "अक्का, सर कधी शाबास म्हणत नाहीत. चांगलं खेळलं की नुसते शिट्टी खिशात ठेवतात. परवा पूर्ण दुसरा हाफ शिट्टी खिशात होती."

पण बाकीच्यांचं बघवत नाही गं. सामना हरले त्या संध्याकाळी ज्या हॉटेलवाल्यानं ज्योतिबारावांना बघून तोंड फिरवलं, तोच आता हाताला धरून आत नेतो आणि वडा समोर ठेवतो. टरफलं टाकणारे लोक आता त्यांच्या पायाला हात लावायला येतात. मला वाटलं होतं, ह्यानं मला बरं वाटेल. पण बरं वाटलं नाही. ताटातलं नासलेलं पक्वान्न गोड लागावं, तसं काहीतरी वाटतं. ज्योतिबाराव टरफलांच्या वेळी होते तसेच आताही आहेत, एवढाच आधार.

बुटांची हकीकत तुला सांगायलाच हवी. ऑगस्टमध्ये त्यांनी ते खुंटीवरून काढले. मुलांना ओल्या मोज्यांवर चढवायला लावले आणि मोजे अंगावर वाळेपर्यंत चालवलं. मग रोज संध्याकाळी खोलीत बसून स्वतः हातानं एकेक बूट चोळतात. प्रत्येक बुटात ज्याच्या त्याच्या पायाचा साचा आता उतरला आहे म्हणे. एका गुरुवारी ते आले नाहीत म्हणून मी डबा घेऊन गेले. खोलीत असा उग्र वास, की मला दारातच उमळून आलं. एका पत्र्याच्या डब्यात मेंढीची चरबी आणि एरंडेल एकत्र कालवलेलं होतं, आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात. मी पदर नाकाला लावला. ते ओशाळले. "ताई, डबा बाहेरच ठेवा," म्हणाले. घरी येऊन मी अंघोळ केली. तुला हे लिहितानाही मला लाज वाटते.

आता मंडळाच्या मनात आहे की नवमीला आयुधपूजेत हे बूट आणि चेंडू मांडायचे. इथं त्या दिवशी यंत्रांना, मोटारींना, शिवणाच्या मशिनलाही हळदकुंकू वाहतात. पूजा आमच्याच घरी. ज्योतिबाराव आधी नको म्हणाले. "मी खोलीतच फूल वाहतो, बूट इथंच राहू देत." मंडळी नाराज झाली. देवीला नको म्हणतो का, असा सूर लागला. तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अलकाताई बघतील ना? मग न्या."

कस्तुरी, इतक्या माणसांत त्यांनी माझं नाव घेतलं. मला फार बरं वाटलं.

तुझी,
अलका


(पोस्टकार्ड. शिक्का २४ ऑक्टोबर १९५८, बंगळूर. पत्त्याच्या बाजूला: सौ. कस्तुराबाई ज्योतिबा मुतगेकर, मु. पो. कडोली, जि. बेळगाव. दुसरी बाजू कोरी.)


कडोली
६ नोव्हेंबर १९५८

अलका,

कार्ड पोचलं. पोस्टमन म्हणाला, बाई, लिहिणारा लिहायलाच विसरला. मी म्हटलं, नाही, विसरला नाही.

त्याच्या आदल्याच दिवशी हे आले होते. वळकटी, ट्रंक. मी भाकरी वाढली. जेवले. म्हणाले, "जमलं नाही." तेवढंच. त्यानंतर आज बारा दिवस झाले, काही नाही. पुन्हा बांधावर उभे असतात.

त्यांचा खाकी सदरा मी धुवायला घेतला. पाठीवर, खांद्यावर तांबडे डाग. मला वाटलं रक्त. वास घेतला तर पान. पानाची पिंक. एकाची नाही अलका, कितीजणांची. साबण लावला, लिंबू लावलं, ऊन दिलं. जात नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणाले, गाडीत कुणीतरी थुंकलं असेल, गर्दी होती.

मी त्यांची बायको आहे, मला खोटं ओळखता येतं. ते माझ्याशी तेवीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तू मला कोरं कार्ड टाकलंस. दोघं मिळून कुणाला झाकताय?

गावात विचारतात, एक वर्षाची परवानगी होती ना? मी काय सांगू? तूच लिही. ह्या वेळेला शाई वापर.

कस्तुरी


बसवनगुडी, बंगळूर
२० नोव्हेंबर १९५८

प्रिय कस्तुरी,

मला झाकत होते ते. बूट मी धुतले.

आता सगळं सरळ लिहिते. अष्टमीला सकाळी ते तेरा जोड आमच्याकडे आले. चिखल, आणि तो वास. उमाकांत म्हणाले (हो, नाव लिहिते, इतकी वर्षं नाव घेतलं नाही, त्यानं काय साधलं?), "हे असे देवीपुढं मांडायचे? मेंढीची चरबी लागलेले? चांगले धुऊन काढ." मी म्हटलं नाही की ज्योतिबारावांना विचारू. मला ते विचारावंसंच वाटलं नाही. माझं मन उमाकांतांच्या बाजूनंच होतं. बंबातलं कढत पाणी घेतलं, रिठे उकळले आणि एकेक बूट आतून-बाहेरून घासला. काळं, तेलकट पाणी मोरीतून वाहत होतं आणि मला वाटत होतं, किती स्वच्छ करते आहे मी. कस्तुरी, मला त्या वासाची किळस येत होती, आणि किळस घालवताना एक प्रकारचं पुण्य केल्यासारखं वाटत होतं. ते बूट नव्हतेच. ज्योतिबारावांनी तीन महिने हातांनी घातलेलं काम मी मोरीत सोडून दिलं.

त्या दिवशी झिमझिम होती, ऊन नाही. उमाकांतांनी सगळे बूट पेटत्या बंबाभोवती आणि दोन शेगड्यांभोवती लावले. नवमीला खणखणीत वाळले होते. मी प्रत्येकावर हळदकुंकू वाहिलं, शेवंतीचं फूल ठेवलं. मंडळी म्हणाली, "अक्का, नव्यासारखे दिसतात." दिसत होतेच.

दसऱ्याला दुपारी त्रिविक्रम ते मैदानावर घेऊन गेला. मीही गेले, कधी नव्हे ते. कॉलेजच्या मुलींच्या बाकावर बसले. ज्योतिबारावांनी पहिला बूट हातात घेतला, अंगठ्यानं दाबला, दबला नाही. मग दुसरा. मग तिसरा घेतलाच नाही. त्यांनी मान वर करून बाकाकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघून हसले, गं. मला वाटलं, माझं काम बघून बघताहेत.

दुसरे बूट नव्हते, आणि बुटांशिवाय उतरू देईनात. दहा मिनिटांत मुलं लंगडायला लागली. अर्ध्या वेळेला बूट काढले तेव्हा मोजे टाचांना चिकटून आले होते. तेच बूट पुन्हा चढवायला लागले. पाच गोल झाले. परसू म्हणून बारकासा राइट हाफ आहे, तो पाचव्या गोलानंतर मैदानावर बसला आणि उठलाच नाही.

मग लोक आत घुसले. व्यंकोजीरावांनी, ज्यांनी कोहळा ओवाळला होता त्यांनीच, दोन बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि तो जोड ज्योतिबारावांच्या गळ्यात घातला. "घ्या, बेळगावचा हार." लोक हसले. कुणीतरी पहिल्यांदा थुंकलं. त्यानंतर थुंकायचं असतं असं सगळ्यांना वाटलं. हॉटेलवाला होता, न्हावी होता, कारखान्यातले दोघे होते, रोज आमच्या दारावरून जाताना नमस्कार करणारे. मी तोंडं ओळखली. पान चघळत, नेम धरून, मागच्याला जागा करून देत. ज्योतिबाराव मुलांच्या पुढं उभे राहिले, पाठ लोकांकडे करून, म्हणजे मुलांच्या अंगावर उडू नये. म्हणून डाग पाठीवर आहेत.

उमाकांत तिथून वीस पावलांवर होते. चष्मा पुसत होते.

संध्याकाळी व्हरांड्यात मंडळ बसलं. कोचनं बुटांच्या नादात संघ बुडवला, असं ठरलं. कुणी म्हणालं, समोरच्यांनी त्याला फितवला असेल. पहिल्या वर्षी हरायची अट सांगितली होती, ही आठवण कुणालाच नव्हती, कारण उमाकांतांनी ती कुणाला सांगितलेलीच नव्हती. माझा शब्द दाढीच्या फेसाबरोबर धुऊन गेला होता, आणि मी तुला लिहिलं की मान हलवली. मी दारात उभी होते. उमाकांतांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "कॉफी आण." आणि मी आणली. प्रत्येकाच्या हातात दिली. व्यंकोजीरावांना स्वल्प साखर जास्त लागते, तीही घातली. मला ह्या सगळ्या माणसांची किळस येते, पण त्या साखरेच्या चमच्याची सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबाराव निरोप घ्यायला आले. सदरा नुसता पाण्यातून काढलेला होता, डाग तसेच. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "चामडं आहे ताई. कधी कधी धरत नाही." आणि निघाले. मी कार्ड घेतलं आणि तुझा पत्ता लिहिला. पुढं एक अक्षर लिहवेना. जे लिहिणार होते ते खोटं होतं.

तुझं पत्र आल्यावर पुढच्या रविवारी मी व्हरांड्यात गेले. ट्रे नव्हता हातात. सगळं सांगितलं, रिठे, बंब, शेगड्या. मग व्यंकोजीराव म्हणाले, "सरी, ठीक आहे अक्का, माहेरचा माणूस आहे, तुम्हाला वाईट वाटणारच." आणि उमाकांत म्हणाले, "तिला हल्ली बरं नसतं." मग ते पुन्हा बोलायला लागले. नवा कोच बघितला आहे. मद्रासकडचा. त्याला आणायला स्टेशनवर किती जण जायचं, बँड तोच सांगायचा का, ह्याची चर्चा होती. कप ह्या वेळेला नक्की, म्हणाले. कोहळाही ठरला.

मी उठून आत आले. उमाकांतांशी मी जेवणाखाणापलीकडचं बोलत नाही. हे तुला शिक्षा म्हणून पुरेसं वाटणार नाही, मलाही वाटत नाही.

पण मुलं येतात. नवा कोच यायला अजून दोन महिने आहेत, तरी सकाळी सातला मैदानावर धावतात, चेंडूशिवाय. परवा त्रिविक्रम आणि परसू एका पोत्यात ते बूट घेऊन आले. लाकडासारखे झालेत, काहींना चिरा गेल्या आहेत. त्रिविक्रम म्हणाला, "अक्का, सर कसे करायचे ते तुम्ही एकदा बघितलंय ना?" मी बघितलं नव्हतं. मी नाक दाबून दारातून परत आले होते. त्यांच्या खोलीतला पत्र्याचा डबाही मुलांनी आणून दिला. तळाशी बोटभर उरलं आहे. मी त्यात हात घालून बघितला. वास तोच आहे. आता तो मला सोसतो, असं नाही; पण हात मी लगेच धुतला नाही.

खाटकाकडून मेंढीची चरबी मी स्वतः आणली. उमाकांत स्वयंपाकघरात येईनासे झाले. दोन जोड करून बघितले, पण काहीतरी चुकतं आहे. चामडं तेल पीत नाही, वर तसंच राहतं.

कस्तुरी, चरबी किती आणि एरंडेल किती, गरम करून कालवायचं की थंड, आणि एकेक बूट किती वेळ चोळायचा, एवढं मला त्यांना विचारून कळव. सोबत उत्तरासाठी जोडकार्ड ठेवलं आहे, त्यावर माझा पत्ता लिहिलेला आहे. तू ते पाठवणार नाहीस. तुझ्या जागी मी असते, तो सदरा माझ्या दोरीवर वाळत असता, तर मीही पाठवलं नसतं. क्षमा मी मागत नाही, ती ह्या कार्डावर मावणार नाही. फक्त प्रमाण लिही. आणि लिहायचं नसेल तर कार्ड तिथंच राहू दे, पण कोरं पाठवू नकोस.

अलका